पोटातलं पाणी

प्राप्ती पहिल्यांदा पडली तेव्हा ओहोटी लागली होती आणि खाडीच्या कडेला घोटाभरसुद्धा पाणी नव्हतं. तेवढ्या पाण्यात मांजराचं पिल्लू बुडालं नसतं. पण पोर पालथी पडली आणि तिच्या तोंडातून फेस आला. कोळीवाड्यात पाण्याच्या कडेला फेस दिसला की माणूस बुडाला, एवढंच कळतं. त्या दिवशीही कुणाला दुसरं काही सुचलं नाही.

तिची आई नेत्रा तेव्हा बोंबील टांगत होती. रेवदंड्याच्या खाडीवर बांबू रोवून त्यांना दोऱ्या ताणलेल्या असतात, त्यांना वलांडी म्हणतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर सोडायची. बोटांना सवय झाली की डोळे मोकळे राहतात. नेत्राचे डोळे पोरीवर होते. चार वर्षांची प्राप्ती शिंपल्यात चिखल भरत बसली होती. मध्येच तिचा हात थांबला आणि शिंपला गळून पडला. ती उठून उभी राहिली. उजवा हात थरथरायला लागला, मान एका बाजूला वळली, डोळे वर गेले, आणि मग ती पडली.

नेत्रा धावली, पण तिच्या आधी सासरा पोचला. धर्माजी सत्तरीचा, एका गुडघ्यातून गेलेला, जाळ्याची फाटकी बाजू सांधत सावलीत बसला होता. तो कसा उठला आणि कसा धावला, हे त्याचं त्यालाच ठाऊक. त्याने नातीचे दोन्ही घोटे पकडले, तिला उलटी उचलली आणि स्वतःभोवती गरकन फिरवली. मग एका हाताने लटकती धरून दुसऱ्या हाताने पाठीत थापा मारल्या. फेस गळाला. थोडं खारं पाणीही गळालं. निळी पडलेली पोर हळूहळू रंगावर आली आणि कण्हली.

"आली! आली गो शुद्धीवर!" बायका ओरडल्या. एकीने तिथल्या तिथे समुद्राला नारळ बोलला.

धर्माजीचं हे काम जुनंच होतं. खाडीच्या तोंडाशी कुणी बुडालं, होडीवरून कुणी गेलं, की बाहेर काढल्यावर पहिली हाक त्याला जायची. पोर असेल तर पाय धरून उलटं करायचं. मोठा माणूस असेल तर रिकाम्या पिंपावर पालथा घालून पिंप पुढेमागे लोटायचं. त्याचा मुलगा अल्पेश लहानपणी होडीतून पडला होता, त्यालाही त्याने असाच परत आणला म्हणतात. काही जगले, काही गेले. जगलेले धर्माजीच्या नावावर जमा झाले आणि गेलेल्यांच्या वेळी 'उशीर झालता' असं सगळे म्हणाले. हिशोब असा ठेवला की माणसाचं नाव कधी खराब होत नाही.

संध्याकाळी नेत्रा नवऱ्याच्या बापाला म्हणाली, "बाबा, सोकरी आधी थरथरली. मंग पडली. मी बघितला."

"पान्याला घाबरली आसंल."

"पानी व्हता कुठं तिथं?"

"नेत्रा, तू बोंबील टांगत व्हतीस," धर्माजी शांतपणे म्हणाला. "मी पानी काढला तिच्या पोटातना. तुज्यासमोर काढला."

ते खरंच होतं. पाणी सगळ्यांनी पाहिलं होतं. थरथर एकट्या नेत्राने पाहिली होती, आणि आईच्या डोळ्यांवर कोण विश्वास ठेवतो! अल्पेश दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होता. बोट लागली तेव्हा त्याने सगळं ऐकलं, पोरीला मांडीवर घेतलं, बापाच्या पाया पडला, आणि बर्फ भरून बोट निघाली तसा परत गेला.

दुसऱ्या वेळी पाणी नव्हतंच. घरात, दुपारी, प्राप्ती भात खात होती. ताटलीतला हात तसाच राहिला, बोटांतून शितं गळली आणि पोर बसल्या जागी कलंडली. दात करकर वाजत होते. या वेळी नेत्रा जवळ होती. तिने पोरीला छातीशी धरली, पण हातापायांना एवढा जोर आला होता की धरवेना. धर्माजी ओटीवरून आत आला.

"दे इकडं."

"बाबा, हितं पानी नाय…"

"त्या दिशीचा ऱ्हायलाय पोटान. दे."

त्याने पोर ओढून घेतली आणि उलटी केली. घर लहान. फिरवताना डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. तो आवाज नेत्राला पुढे कित्येक दिवस भांडी घासताना, दार लावताना ऐकू यायचा. तोंडातला भात बाहेर पडला, पोर शुद्धीवर आली, आणि धर्माजी घामाने निथळत खाली बसला. दोन वेळा केलं, दोन्ही वेळा पोर परत आली. आता त्याला समजावणार कोण, आणि काय सांगून?

नेत्राने प्राप्तीच्या कपाळावर बर्फ लावला, तिला खांद्यावर टाकलं आणि अलिबागची रिक्षा धरली. सासऱ्याला विचारलं नाही. जाताना फक्त म्हणाली, "टेंगूल दाखवून येते."

लहान मुलांची डॉक्टरीण नेत्राच्याच वयाची असेल. तिने सगळं विचारून घेतलं. ताप होता का, आधी कोणता हात हलतो, नंतर झोपते का. ऐकणारं कुणीतरी भेटलं म्हणून नेत्रा न थांबता बोलत सुटली. तपासताना डॉक्टरणीने पोरीचा पायजमा वर केला आणि थांबली. दोन्ही घोट्यांभोवती निळे वळ होते. बोटं मोजता आली असती.

"हे काय आहे?"

नेत्राने पायजमा खाली ओढला.

"कपाळावर टेंगूळ, पायावर वळ. घरात कोण मारतं मुलीला?"

बाकावर बसलेल्या दोन बायकांनी माना वळवल्या. नेत्राचे कान तापले. तिच्या अंगाला मासळीचा वास होता, केसांत खवल्याचा तुकडा अडकला होता, आणि त्या बायका तिच्याकडे जसं बघत होत्या तसं तिच्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं.

"मारत नाय कोन," ती म्हणाली. "आजानी उलटी धरली. आमच्यात बुडलेल्याला धरतात तशी."

डॉक्टरणीने खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. ही फिट आहे, म्हणाली. मिरगी म्हणतात ती. पाण्याचा, भुताचा, कशाचा संबंध नाही. मेंदूतून हातापायांना जे निरोप जातात त्यांचा मधूनच गोंधळ उडतो. औषध रोज दोन वेळा, एकही वेळ चुकवायची नाही. गुण यायला दिवस लागतील, तोवर फिट येऊ शकते. आली तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर गाडी करून सरळ इथे.

"आनि मंग?"

"मग काही नाही. बहुतेक वेळा आपोआप थांबते."

"आपोआप?"

"हो. त्यांनी उलटी धरली म्हणून नाही थांबली. थांबायचीच होती." डॉक्टरणीने वळांवरून अंगठा फिरवला. "तसं धरल्यावर ओकारी श्वासात गेली असती तर मूल हातचं गेलं असतं. मान मोडली असती. परत कुणाला करू देऊ नका."

परतीच्या रिक्षेत नेत्राने ते सगळं मनात घोकलं. कुशीवर करणं तिला जमणार होतं. घड्याळ बघणंही जमलं असतं. सासऱ्याला कसं अडवायचं, ते मात्र डॉक्टरणीने सांगितलं नव्हतं.

धर्माजीने ऐकून घेतलं. औषधाला त्याची ना नव्हती. बाटली त्याने उजेडात धरून पाहिली, फळीवर नीट ठेवली. पण उलटी धरायची नाही म्हटल्यावर तो हसला.

"त्या डाक्टरनीनी कोनाला पान्यातना काढलाय कवा?"

"बाबा, ती बोलली जीव जाईल."

"आनि मी नाय उचलली, नि जीव गेला तर? समोर सोकरी मरते नि आजानी हात बांधून बघायचा?" त्याचा आवाज चढला. "माज्याच्यान नाय व्हायचा, नेत्रा. तू मना सांगू नको."

नेत्राने अल्पेशला फोनवर सांगितलं. बोट किनाऱ्याजवळ होती, तेवढीच रेंज मिळाली.

"तुमी सांगा त्यांना."

"मी कसा सांगू? मनाच त्यांनी उलटा धरून जगवलाय." पलीकडे इंजिनाची धडधड चालू होती. "तू बघ गो जरा. पोरीजवल ऱ्हा."

म्हणजे काम सोड, असं. नेत्रा पोरीजवळ राहिली. पण दोरीवरचा बोंबील कुणाच्या घरचं बघत नाही. वेळेवर उलटला नाही तर किडतो आणि ऊन मिळालं नाही तर सडतो. चार दिवसांनी ती प्राप्तीला घेऊन वलांडीवर जायला लागली. तिला पाण्यापासून लांब, ताडपत्रीच्या सावलीत बसवायची. धर्माजी जाळं घेऊन थोड्या अंतरावर बसायचा. दोघं एकमेकांवर पहारा करत होते, आणि मधल्या मध्ये पोर शंख गोळा करून आजाला नेऊन देत होती.

मग आभाळ आलं. दिवाळी होऊन गेलेली, आभाळाचं काही काम नव्हतं, पण सकाळपासून दक्षिणेकडे काळं धरलं आणि वारा पडला. अर्धवट सुकलेला माल भिजला तर कोंबडीसुद्धा खात नाही. सगळा कोळीवाडा खाडीवर उतरला. बायका दोऱ्यांवरून बोंबील ओरबाडून टोपल्यांत भरत होत्या, पुरुष ताडपत्र्या ओढत होते. त्या धांदलीत, टोपलीला हात लावून उभी असलेली प्राप्ती थरथरली आणि पडली.

नेत्राने हातातला माल टाकला. गुडघ्यांवर बसून पोरीला कुशीवर केली, डोक्यावरचा फडका काढून गालाखाली सारला. बरोबर केलं. मग तिला काही करायला उरलं नाही आणि तीच खरी भीतीची वेळ होती. पोर तडफडत होती, ओठ निळे होत होते, आणि आई नुसती बघत बसली होती.

"आगो, उचल तिला!" शेजारची नीराबाई किंचाळली. "बसलीस काय! धर्माजीला हाक मारा!"

हाक मारायची गरज नव्हती. तो येतच होता, लंगडत, हात पुढे करून. बायकांनी वाट दिली. नेत्राने मान वर केली. तिला सासऱ्याचं तोंड दिसलं नाही, नुसते ते हात दिसले. ती उठली, मध्ये उभी राहिली, आणि तो पोरीकडे वाकला तसा तिने दोन्ही तळवे त्याच्या छातीवर ठेवून त्याला ढकलला.

म्हातारा दुखऱ्या गुडघ्यावर कोलमडला आणि ओल्या वाळूत बसला. टोपी बाजूला पडली.

ताडपत्री धरलेले पुरुष ताडपत्री धरून उभे राहिले. सुनेने सासऱ्याच्या अंगाला हात लावलेला त्या वाळूवर कुणी पाहिला नव्हता, आणि तो सगळ्यांनी एकदमच पाहिला. नेत्रा परत पोरीजवळ बसली. थोड्या वेळाने झटके विरळ झाले, मग थांबले. प्राप्तीने घोरल्यासारखा मोठा श्वास घेतला आणि ती झोपली. कुणी उलटी धरली नव्हती, कुणी फिरवली नव्हती.

"बघितलात?" नेत्रा म्हणाली. "आपोआप थांबली."

पण तिथे त्यावर बोलायला कुणी तयार नव्हतं. धर्माजीने टोपी उचलली, झटकली आणि घराकडे निघाला. दोन माणसं हात द्यायला पुढे झाली. त्याने घेतला नाही.

पाऊस पडलाच नाही. सगळा माल परत दोरीवर गेला.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. नळावर नेत्रा आली की बोलणं तुटायचं. 'सासऱ्याला पाडला' एवढंच पुढे गेलं. पोर जगली हे सांगायचं राहून गेलं. धर्माजी घरात जेवत होता, पण ताट मागत नव्हता. समोर ठेवलं तर खायचा, नाही ठेवलं तर तसाच उठायचा. प्राप्ती शंख घेऊन गेली की म्हणायचा, "आयशीला दे." नातीला त्याने एकदाही हात लावला नाही. नेत्राला त्या ढकलण्याचा पश्चात्ताप नव्हता. पुन्हा वेळ आली तर तिने पुन्हा ढकललं असतं. पण वाळूतून टोपी उचलताना त्याची बोटं टोपी शोधत चाचपडली होती. ते तिला जेवायला बसलं की आठवायचं. रडू मात्र यायचं नाही, नुसती चीड यायची. चीड कुणाची, तेही धड कळायचं नाही.

औषध चालू होतं. मध्ये बरेच दिवस काही झालं नाही.

मग एक दिवस सकाळी बोट लागल्याची आरोळी आली, अल्पेश नव्हता त्या बोटीवर. या खेपेला जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, भरपूर होता, आणि जवळा थांबत नाही. ऊन चढायच्या आत धक्क्यावरून उचलून पसरायला हवा. नेत्रा पोरीला घेऊन नीराबाईच्या दारात गेली.

"मना नको बाय," नीराबाई दारातूनच म्हणाली. "माज्या घरान काय झाला तर तू मना पन ढकलशील."

दुसऱ्या दारात कुणी तेवढंही बोललं नाही. धक्क्यावर पोरीला न्यायची सोय नव्हती. तिथे बर्फाच्या गाड्या, दोरखंड, आणि कडेला खोल पाणी. नेत्रा परत घरी आली. धर्माजी ओटीवर जाळं सांधत होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली. त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच सरळ त्याच्याशी बोलत होती.

"बाबा, मना धक्क्यावर जावा लागतो. प्राप्तीला बघाल?"

सुई थांबली. "माज्याजवल ठेवतेस?"

"दुसरा कोन नाय."

हे बोलायला नको होतं, ते तिला बोलल्यावर कळलं. पण तेच खरं होतं.

"आली तर फक्त कुशीवर करा. बाकी कायच करू नका. बाबा, पाया पडते तुमच्या."

सुई परत चालू झाली. नेत्रा टोपली घेऊन निघाली आणि कोपऱ्यावर दोनदा मागे वळली.

धक्क्यावर तिचं लक्ष नव्हतं. टोपल्या भरताना, उचलताना, वाळवणाच्या जागी ओतताना तिच्या डोळ्यांसमोर दाराची चौकट होती. जवळा अर्धा पसरून झाला आणि तिला राहवेना. "येतेच गो," असं कुणाला तरी म्हणून ती घराकडे धावत सुटली. कारण काही नव्हतं. कुणी हाक मारली नव्हती.

ओटी रिकामी होती. सुई जाळ्यात तशीच खोचलेली.

आत, लादीवर, प्राप्ती कुशीवर होती आणि तिला फिट आलेली होती. धर्माजी तिच्यामागे गुडघे टेकून बसला होता, तोच दुखरा गुडघा खाली घालून. त्याचा डावा पंजा पोरीच्या गालाखाली होता. झटक्यासरशी डोकं त्या पंजावर आपटत होतं, लादीवर नाही. उजव्या हाताने त्याने खाटेचा पाय धरला होता, इतका घट्ट की खाट हलत होती. डोळे भिंतीवरच्या घड्याळावर होते. तोंडाने तो काहीतरी पुटपुटत होता, देवाचं नाव असेल किंवा शिवी.

नेत्रा आली हे त्याला कळलं. त्याने मान वळवली नाही.

"नेत्रा," तो म्हणाला, "थांबंल ना गो?"

बुडालेल्यांच्या बाया, आया, भाऊ आजवर त्याला हेच विचारत आले होते, आणि तो त्यांना 'बाजूला व्हा' म्हणत आला होता.

ती पोरीच्या समोर बसली. थांबेल की नाही हे तिलाही माहीत नव्हतं. "थांबंल बाबा," ती म्हणाली.

दोघं बसून राहिली. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. म्हाताऱ्याच्या हनुवटीवरून घाम पोरीच्या केसांवर पडत होता आणि खाटेवरचा त्याचा हात दोनदा सुटून दोनदा परत खाटेला लागला. नेत्राने ते पाहिलं. तिने त्याला अडवलं नाही.

मग एक झटका उशिरा आला. पुढचा आणखी उशिरा. प्राप्तीने घोरून श्वास घेतला, ओठांचा रंग परतला, आणि ती धर्माजीच्या पंजावर झोपी गेली.

"मी काय केला नाय," धर्माजी म्हणाला.

"व्हय बाबा."

"कायच नाय केला गो. नुसता बघत बसलो." आणि तो रडायला लागला. नातीला वाचवलेल्या माणसाचं ते रडणं नव्हतं. हातून काही गुन्हा घडावा आणि कुणीतरी शिक्षा करावी, तसा तो नेत्राकडे बघून रडत होता.

नेत्राने त्याला रडू दिलं. पदराने पोरीच्या तोंडाचा फेस पुसला. बाहेर धक्क्याकडून बायकांचा आवाज येत होता, उरलेला जवळा तसाच पडला होता.

"बाबा," ती म्हणाली, "माल पसरायचा हाय अजून. मी जाते. सोकरी तुमच्याजवल ऱ्हाऊ दे. उद्या पन."

धर्माजीने मान हलवली. नेत्राने उशी आणून त्याच्याजवळ ठेवली, म्हणजे त्याला हात काढून घेता येईल. त्याने काढला नाही.

ती उठली आणि धक्क्याकडे गेली. या वेळी कोपऱ्यावर ती मागे वळली नाही.